माळ घातली, म्हणून सुटली

नाय नाय, पाया पडू नको, बाय. ऊठ. ऊठ बोललो ना. पाया देवाच्या पडायचं, मी काय — बरं, पडलीस तर पडलीस, आता बस. त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो, इकडे सोफ्यावर बस पंख्याखाली. गव्हाणवरून एवढ्या उन्हात रिक्षाने आलीस, तोंड बघ कसं झालंय. भामे! पाणी आण गो, निकेशची बायको आलीय — अंकिता, हां, अंकिता — आणि चहा पण टाक. तर दारातच तू बोललीस की बुवा, उद्या एकादशी हाय, उद्या निकेशच्या गळ्यात तुमच्या हाताने माळ घाला, आणि माझ्या तोंडातून सवयीने हो निघून गेलं. ते हो मनावर घेऊ नको. मंजे माळ चांगलीच गोष्ट हाय, मी कशाला वाईट बोलू, माझ्याच गळ्यात हाय. पण माझ्याच हातून कशाला? तुमच्या गावात भजनी मंडळ हाय, उलव्याला ते महाराज येतात, शिकलेला माणूस, पेटी काय सुंदर वाजवतो — त्यांच्याकडे जा ना. मी काय बुवाबिवा नाय. सिमेंट-रेती विकणारा माणूस मी. लोकांनी बुवा केलं आणि मी झालो. खाली दुकानाच्या बोर्डावर अजून 'कमळाकर बिल्डिंग मटेरियल' असंच हाय, जाताना बघ.

पिशवीत काय आणलंस? नारळ. शाल. शाल कशाला आणायची गो, शाली एवढ्या झाल्यात घरात की भामा त्यांच्या गोधड्या शिवते. आणि — माळ पण आणलीस. राहू दे. पिशवीतच राहू दे, बाहेर काढू नको. आपण बोलू आधी. तुला घाई हाय? घाई हाय बोलते. बरं, पाणी तर पी.

तुझा सासरा, बाळू, आणि मी एका बाकावर बसायचो, माहीत हाय ना तुला? पहिली बाटली पण आमी दोघांनी मिळून फोडली, मिठागराच्या बांधावर बसून, आणि घरी जाताना वास जावा म्हणून पेरूचा पाला चावला. बाळू गेला तेव्हा तू लग्न होऊन आली नव्हतीस. तुला काय सांगितलं, कशाने गेला? हार्ट अटॅक. हां. तेच सांगतात. पोट एवढं फुगलं होतं, डोळे पिवळेधमक, रक्ताच्या उलट्या — पण हार्ट अटॅक. निकेशचं लग्न व्हायचं होतं, त्याच्या बहिणीचं व्हायचं होतं, पिऊन मेला बोलले असते तर सोयरीक कोणी जोडली असती? मी पण तेच सांगत फिरलो. स्मशानात उभा राहून सांगितलं. आपल्यात ना, बाय, माणसाने काय केलं याचं कोणाला काय पडलेलं नसतं. का केलं ते विचारतात. आणि ते कारण खरं असून भागत नाय, चारचौघांना पटायला लागतं. तू रागावू नको हां, सासऱ्याबद्दल बोललो म्हणून. बोलायचं नव्हतं मला. निघालं तोंडातून.

कशी सोडली मी? सगळे तेच विचारतात. थांब, आधी कशी सुटत नव्हती ते ऐक. चुलतभावाच्या पोराची हळद होती. आपल्याकडची हळद तुला काय सांगायची — लग्नाला नसतात तेवढी माणसं हळदीला. मटण, वजरी, तांदळाच्या भाकऱ्या, डीजे, आणि मांडवाच्या मागे ते टेबल. मी ठरवून गेलो होतो, आज नाय घ्यायची. डॉक्टरने पोटाची सोनोग्राफी करून सांगितलं होतं की लिव्हर जायला आलंय. टेबलावर बोललो, नको, मला बीपी हाय. तर एक जण बोलतो, बीपी मला पण हाय, एक घेतली की उतरतं. मंग बोललो, लिव्हरला सूज हाय. तर दुसरा बोलतो, कुठल्या डॉक्टरने सांगितलं, तो स्वतः माझ्याबरोबर बसतो! शेवटी बोललो, पोराची शपथ घेतलीय. तर सगळे हसायला लागले, पोरगा तिकडे नाचतोय, त्याला कुठं दिसतंय. सगळी खरी कारणं दिली गो, एकाने पण काम केलं नाय. आणि मंग त्यातल्या एकाने ग्लास माझ्या तोंडाला लावला, आणि — खोटं कशाला बोलू, ग्लास त्याने लावला पण तोंड मीच उघडलं. सकाळी ह्याच बिल्डिंगच्या जिन्यात पडलो होतो, पँट ओली करून. कोणाला सापडलो? सुनेला. दूध आणायला उतरली होती. ती बादली घेऊन आली आणि जिना धुतला. आज एवढी वर्षं ती माझ्या पाया पडते सणाला, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवताना भिंतीकडे बघतो.

आणि पुढच्या हळदीला गळ्यात ही माळ होती. त्याच टेबलाजवळ गेलो. कोण काय नाय बोललं. माझ्या पुढ्यातला ग्लास उचलला, फडकं मारलं, खुर्ची आणून दिली — बसा बुवा. जो ग्लास तोंडाला लावत होता, तोच. सोडा पण विचारला नाय मला, थेट लिंबूपाणी आणलं. तेव्हा मला कळलं, बीपी नाय, लिव्हर नाय, पोरगा नाय, आपल्यात एवढंच एक कारण चालतं. माळकरी बोललं की विषय संपला.

हां, तुला तेच ऐकायचंय, कशी सोडली. सांगतो ना. एका सकाळी उठलो, तुळशीला पाणी घातलं, आतून आवाज आला, घरातल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. माळ घातली, म्हणून सुटली. एका झटक्यात. पुन्हा आठवण पण नाय झाली. असं — असं सांगतो मी. हरिपाठ झाल्यावर सांगतो, सप्ताहात सांगतो, माईकवर सांगतो. बायका डोळे पुसतात. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पाठीला घाम फुटला होता. आता नाय फुटत.

काय बोललीस? निकेश धनेशसारखा — धनेशसारखी माळ बाटवणार नाय? धनेशने माळ बाटवली असं कोण बोललं तुला? सगळा गाव बोलतो. हां. चोरून प्यायला, देवाने त्याला तिथल्या तिथं शिक्षा दिली, हेच ना? धनेशने काय बाटवलं नाय! एक थेंब घेतला नाय त्या पोराने! माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा होता तो, मीच घातली त्याच्या गळ्यात माळ, आणि त्या दिवसापासून गेला तोपर्यंत त्याच्या तोंडात — — माफ कर. माफ कर, बाय. एवढ्या मोठ्याने बोलायला नको होतं. दचकलीस तू. थांब, टीव्ही लावतो जरा. भामाचा कार्यक्रम लागला असेल. असू दे आवाज मोठा, तिला स्वयंपाकघरात ऐकायला लागतो. हां.

मला कसं माहीत? माहीत हाय. आता ते असंच माहीत हाय. तू एक काम कर ना — माळेचं आपण पुढच्या एकादशीला बघू. काय पळून नाय जात एकादशी. तोपर्यंत निकेशला एकदा डॉक्टरला दाखव. साध्या नको, ह्याच कामाचा डॉक्टर असतो. दारू सोडवणारा. असतो गो, खरंच असतो, चांगली माणसं असतात. वेड्याबिड्यांचा नसतो, तसं काय नाय. मंजे बोर्डावर मनोविकार लिहिलेलं असतं, पण — मी कसं सांगतो? ऐकलंय मी. एकाकडून ऐकलंय.

अशी बघू नको माझ्याकडे. तुझी नजर तुझ्या सासूसारखी हाय, बाळू प्यायचा तेव्हा ती पण अशीच बघायची. बरं. मी गेलो होतो. हळू बोल. मीच गेलो होतो. त्या जिन्यातल्या सकाळनंतर गेलो, पुण्याला. घरात सांगितलं आळंदीला सप्ताहाला चाललोय. भामाने पिशवीत धोतर भरून दिलं, टाळ दिले, डबा दिला, आणि मी तो डबा दवाखान्याच्या बाकावर बसून खाल्ला. तिथं अ‍ॅडमिट होतो मी. पहिल्याच दिवशी डॉक्टर बोलला — अजून शब्द न् शब्द आठवतो — "कमळाकरराव, रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाने एकदम बंद करायची नाही. शरीराला सवय झालेली असते. एकदम बंद केली तर हात कापतात, भास होतात, फिट येते, माणूस जाऊ शकतो. आम्ही गोळ्या देऊ, इंजेक्शनं देऊ, हळूहळू गोळ्या कमी करू." आणि तसंच केलं त्यांनी. रात्रंदिवस एक नर्स नाडी बघायची. मला भिंतीवर झुरळं दिसायची, ती बोलायची, काका, नाहीत हो झुरळं, भिंत कोरी आहे. असं करून सुटली. औषधाने सुटली. माळ कुठून आली? माळ मी येताना घेतली, पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर, उदबत्त्या आणि कुंकू विकतो ना, त्याच्याकडून. कुठल्या महाराजाने नाय घातली. एक रिक्षा उभी होती, तिच्या आरशात बघून मीच घातली. रिक्षावाला बोलला, सरकवा ना काका, मला निघायचंय. आळंदीवरून आलो तर काहीतरी दिसायला नको का गळ्यात?

हसलीस तरी चालेल. हसण्यासारखंच हाय ते. मला वाटलं थोडे दिवस घालू, मंग काढून टाकू. पण घरात आलो तर भामाने बघितलं आणि दारातच रडायला लागली. भामा कशी होती तुला माहीत नाय — जिताडा बोललं की जेवणावरून उठून बाजारात जाणारी बाई. बोंबील, निवट्या, खेकडे, सगळं. तिने त्याच दिवशी मासे सोडले. मी सांगितलं नव्हतं हां. बोलली, देवाने तुमाला परत दिलं, मी एवढं पण नाय करू? आता सांग, तिला कुठल्या तोंडाने सांगू की देव नाय, गोळ्या. आज पण शेजारी मासे तळले की ती खिडकी लावून घेते. वास सहन होत नाय बोलते. मला माहीत हाय का लावते ते.

आता कळलं ना तुला? मंग ऐक माझं. निकेशला पुढच्या आठवड्यात आपण त्या डॉक्टरकडे — काय? बंद केलीय? कधीपासून बंद केलीय? परवापासून! परवापासून एक थेंब नाय, बोलते. माळेच्या आधी अंग शुद्ध करतोय. कोणी सांगितलं त्याला हे? कोणत्या गाढवाने — काय दाखवतेस? मोबाइलवर काय हाय? गावाच्या ग्रुपवर आलंय... हा मीच. हा मीच हाय ना, सप्ताहाच्या मंडपातला. "एका झटक्यात सोडा, मंडळी! मी एका झटक्यात सोडली. हळूहळू सोडतो बोलणारा सोडत नसतो, तो स्वतःला फसवतो." टाळ्या पण वाजवतायत. बंद कर ते. बंद कर, बाय, हात जोडतो तुझ्यापुढे, तो आवाज बंद कर.

आता मी विचारतो त्याचं नीट उत्तर दे. सकाळी उठल्या उठल्या प्यायचा का तो? ट्रेलर चालवायला जायच्या आधी? हां. किती वर्षं? तुझ्या लग्नाच्या आधीपासून. आत्ता निघालीस तेव्हा कसा होता? हात कापतात. चहाचा कप धरता येत नाय. घाम. झोपला नाय रात्रभर. आणि — काय बोललीस? बापूस दिसतो बोलतो? गॅलरीत बाळू उभा हाय आणि हाक मारतोय, बोलतो. आणि तुमी सगळे काय बोललात त्याला? पितर भेटायला आले, चांगलं लक्षण हाय. अरे देवा. अरे देवा. अंकिता, ऊठ. नाय, बस, आधी ऐक, नाय ऊठ — फोन काढ, सासूला लाव. बोल, शेजारच्याची गाडी काढा आणि निकेशला आत्ताच्या आत्ता पनवेलला आणा. कुठल्या हॉस्पिटलात ते सांगतो, मोठ्यातच न्यायचं, आयसीयू असलेल्या. एकट्याला मोरीत सोडू नका, गॅलरीत सोडू नका. लाव तू फोन.

उचलत नाय? परत लाव. लावत राहा. तुला वाटत असेल बुवाला काय झालं एकदम. धनेशचं पण असंच झालं, बाय. अगदी असंच. देवळात माळ घालताना त्याने मला विचारलं, काका, एकदम सोडू ना? का थोडी थोडी? लहान पोरासारखं विचारलं. आणि मागे मंडळ बसलं होतं, भामा होती, वहिनी होती, धनेशची आई, आणि मी बोललो, एकदम. देवाचं नाव घे आणि एकदम सोड. तोंडातलं वाक्य होतं ते, इतक्या वेळा बोललेलं, ते आपोआप आलं — नाय. आपोआप नाय आलं. डॉक्टर माझ्या डोळ्यापुढे उभा राहिला होता तेव्हा. मी त्याला बाजूला केला. आणि दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. भावोजी, ह्याचे हात थरथरतायत, अंगावर मुंग्या चालतात बोलतो, काय करू? घरात माणसं बसली होती माझ्याकडे, ह्याच सोफ्यावर, शाल घेऊन आली होती. मी काय बोललो वहिनीला? बोललो, घाबरू नका, जुनं पाप बाहेर पडतंय, नाव घ्यायला सांगा. एक वाक्य बोलायला लागत होतं मला. दवाखान्यात न्या. एवढंच. पण ती विचारणार, तुमाला कसं माहीत? आणि मंग मी काय सांगणार? माणसं बसली होती ना समोर. त्यांच्यासमोर पुणं काढू? झुरळं काढू?

सकाळी त्याला मोरीत फिट आली. नळावर डोकं आपटलं. रस्त्यातच गेला. आणि गावाला कारण पाहिजे होतं, गावाने शोधलं — माळ बाटवली असणार. कोणीतरी माझ्याकडे बघितलं, बुवा, असंच असेल ना? आणि मी मान खाली घातली. हो नाय बोललो. नाय पण नाय बोललो. मान खाली घातली. त्यांनी त्याचा हो केला. मला बरं वाटलं गो. हे कोणाला सांगितलं नाय मी आजपर्यंत. भावाचा पोरगा ओटीवर पडला होता आणि मला बरं वाटलं, की कारण मिळालं. आता वहिनी दर एकादशीला येते. तुळशीचा हार, केळी. बोलते, भावोजी, तुमचं देव ऐकतो, माझ्या पोराला माफ करायला सांगा. आणि मी घेतो ते. हार देवाला घालतो, केळ्यातलं एक प्रसाद म्हणून तिच्या हातावर ठेवतो, आणि ती ते डोळ्याला लावते. लाज वाटते मला. एवढी लाज वाटते की तिची चप्पल दारात दिसली तर मी संडासात जाऊन बसतो थोडा वेळ. पण बाहेर येऊन परत तेच करतो. लाज वाटून काय केलं मी? काय नाय केलं. उद्या पण येणार हाय ती.

लागला? बोल, बोल त्यांना! गाडी काढली का विचार. काय झालं बोलतात? पडून हाय, बरळतोय. बरळू दे, घेऊन निघा बोल. सासू बोलते उद्या एकादशी हाय, माळ झाल्यावर नेऊ? दे इकडे फोन. दे. — वहिनी, मी कमळाकर बोलतोय. हां, बुवा. नमस्कार राहू द्या. माळ नाय, काय नाय, मुहूर्त नाय, पोराला गाडीत घाला. माझी आज्ञा हाय समजा. बुवा बोलतोय ना तुमाला? मंग निघा. — घे. निघतायत. बघितलंस, दवाखान्यात न्यायला पण बुवाचीच आज्ञा लागते. नुसता कमळाकर बोलला असता तर विचारत बसली असती.

आता तू. एसटी स्टँडच्या पुढे ते मोठं हॉस्पिटल हाय, तिथं जाऊन उभी राहा, ते येतील. आणि डॉक्टर विचारेल काय झालं, तेव्हा नीट सांगायचं — रोज सकाळपासून पिणारा माणूस हाय, परवापासून एकदम बंद केलीय. हेच शब्द. उपासाने चक्कर आली असं नाय सांगायचं. ऊन लागलं असं नाय सांगायचं. सासू सांगेल, तिच्या आधी तू बोल. सगळ्या लोकांसमोर विचारलं तरी बोल. लाज वाटेल तुला, पण बोल. कारण खरं सांगितलं नाय तर ते औषध चुकीचं देतील, आणि मंग — बोलशील ना? बोलून दाखव मला. हां. तसंच. बरोबर.

थांब, पुण्याच्या डॉक्टरला पण लावतो, तो इथल्या डॉक्टरशी बोलेल. कुठं गेला नंबर... हा बघ. 'शहाबादी फरशी, पुणे'. ह्या नावाने ठेवलाय. गोळ्या संपल्या की मला फोन यायचा आणि भामा ओरडायची, अवो, फरशीवाल्याचा फोन आलाय, घ्या. कधीकधी बोलायची, एवढे फोन करतो तो माणूस, एकदा जेवायला बोलवा. रिंग जातेय. तू चप्पल घाल तोपर्यंत. मी पण येतो तिकडे, गाडी काढतो आणि मागोमाग येतो. मी पोचेपर्यंत तू बोल, मंग मी बोलतो डॉक्टरशी. उचल बाबा, उचल —

टीव्ही कोणी बंद केला?

भामे. कधीची उभी हायस तू? तो ट्रे ठेव खाली. ठेव गो, सांडतोय चहा, हात भाजेल — हॅलो? हॅलो, हां, डॉक्टरसाहेब हायत का? जरा अर्जंट हाय. मी पनवेलवरून बोलतोय. कमळाकर. कमळाकर... नाय गो भामे, फरशीवाला नाय हा — हां, बोला. नातेवाईक नाय. पेशंट. तुमच्याकडे अ‍ॅडमिट होतो. हो. दारूचाच. धरतो, धरतो मी.

जा तू, अंकिता. पिशवी राहू दे इथंच. जा बाय, पळ. आणि जाताना दार ओढून घे.